ओल्या पायांचे पाहुणे

दिवाळी अंकात आभाराचं पान नसतं, म्हणून नाव आधीच लिहून टाकतो. कंधारचे मन्मथप्पा, भांड्यांचे व्यापारी. माझ्या आयुष्यात जे बरं घडलं त्यातलं निम्मं त्यांच्या दुकानावरच्या खोलीत घडलं.

मी लोह्याजवळच्या खेड्यातला. वडील मोंढ्यात पोती उचलायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सही केलेली नव्हती, सगळे अंगठेच. कंधारच्या शाळेत माझं नाव घातलं तेव्हा राहायचं कुठं हा प्रश्न आला, आणि अप्पांनी दुकानावरची खोली उघडून दिली. भाडं किती म्हणून वडिलांनी हात जोडून विचारलं, तर म्हणाले, पोरगं वर दिवा लावून बसंल, तेवढाच चोराला धाक. जेवण त्यांच्याच घरी, अव्वांच्या हातचं. अव्वा म्हणजे अप्पांची बायको. पुढे मेडिकलला नंबर लागला तेव्हा अप्पांनी स्टीलचं ताट, वाटी, तांब्या असा संच दिला आणि मशीनवर स्वतः माझं नाव कोरलं. नावाआधी 'डॉ.' घातलं. मी म्हणालो, अप्पा, अजून पहिलं वर्ष व्हायचंय. ते म्हणाले, "मागून जागा उरत न्हाई."

एम.डी. होऊन मी लातुरात दवाखाना थाटला तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. गावात सगळ्यात जास्त काम पाट्या रंगवणाऱ्यांना होतं. ज्या गच्च्यांवर कालपर्यंत मिरच्या वाळत होत्या त्यांच्या खाली आता साहेब लोक बसू लागले होते. आणि मग पावसानं पाठ फिरवली. जिल्हा नवा, तहान जुनी, असं लोक म्हणायचे. मी रोगी तपासून हात धुवायचो ते पाणी खाली बादलीत धरायचो, त्यातच संध्याकाळी फरशी पुसली जायची.

माझ्याकडे म्हातारी माणसं जास्त यायची आणि त्यांत कंपवाताची बरीच. या आजारात लोकांना थरथर दिसते, पण खरा त्रास मंदपणाचा असतो. माणूस खुर्चीतून उठायचं ठरवतो आणि अंग उठत नाही. मेंदूतला एक रस आटत जातो, तो गोळीनं भरून काढायचा. त्या काळी माझ्या हातात मुख्यतः दोन गोळ्या होत्या. एक चालवणारी, दुसरी थरथर आवरणारी. अडचण अशी की ज्या गोळ्या माणसाला चालवतात त्याच कधी कधी त्याला नसलेली माणसं दाखवतात. आजारही दाखवतो, गोळ्याही दाखवतात. वय झालेलं, नजर अधू, त्यात अंगात पाणी कमी, मग तर हमखास.

हे भास वेगळेच असतात. ते बोलत नाहीत, शिव्या देत नाहीत. नुसते येऊन बसतात. सुरुवातीला कुणीतरी डोळ्याच्या कडेनं निघून गेल्यासारखं वाटतं. मग दिवेलागणीला कोपऱ्यात मुलं दिसतात, जनावरं दिसतात. उदगीरची एक आजी आढ्यावरच्या मांजरांसाठी रोज बशीत दूध ठेवायची. सुनेला सांगायची, "मला ठाऊक हाय मांजरं न्हाईत म्हणून. पण उपाशी तर दिसून राहिल्यात." एका निवृत्त तलाठ्याला संध्याकाळ झाली की स्वतःची बायको परकी वाटायची. बाई, तुम्ही कुणाच्या, आमची मंडळी कुठं गेली, असं तिलाच अदबीनं विचारायचे. ती बिचारी, येतीलच आता, म्हणून त्यांच्या हातात चहा द्यायची आणि आत जाऊन रडायची.

नातेवाइकांना मी एवढंच सांगायचो की नाही म्हणून भांडू नका आणि हो म्हणून साथ देऊ नका. खोलीत उजेड वाढवा. पाणी पाजा. लघवीला जळजळ आहे का बघा, ताप बघा. आणि मी माझ्यापुरतं एक करायचो, शेवटी वाढवलेली गोळी आधी काढायचो. यात विद्वत्ता फार नाही, धीर लागतो.

अप्पांना कंपवात झाला तेव्हा औषध मीच सुरू केलं. इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. अप्पा लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या डबीत त्यांचं इष्टलिंग असे. रोज अंघोळ करून, भस्म लावून, ते डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं बेल वाहायचा आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. ही पूजा झाल्याशिवाय अप्पा तोंडात पाण्याचा थेंब घेत नसत. लिंग हातातून पडणं म्हणजे त्यांच्या लेखी जीव जाण्यापेक्षा वाईट. त्यांच्या लहानपणी एका म्हाताऱ्याच्या हातून ते पडलं तर त्यानं अन्न सोडलं होतं, असं ते सांगायचे. आणि थरथर बसली ती नेमकी डाव्या हातात.

म्हणून मी चालवणाऱ्या गोळीच्या जोडीला थरथर आवरणारी गोळी लिहिली. हात जवळजवळ स्थिर झाला. अप्पांनी एका ओळखीच्या माणसाबरोबर निरोप धाडला, "डॉक्टरला सांगा, देव हालायचा थांबला."

त्यानंतर कंधारहून कुणीही आलं की मी अप्पांची चौकशी करायचो आणि उत्तर एकच यायचं, तब्येत झकास. मला ते खरं वाटलं, कारण सांगणारे खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दृष्टीनं अप्पांचं फारच चांगलं चाललं होतं. अप्पांच्या घरी जंगम येऊ लागले होते.

जंगम म्हणजे लिंगायतांचे गुरू, फिरते स्वामी. ते दारी आले की त्यांचे पाय धुवायचे, ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं, त्यांना आधी जेवू घालायचं. अप्पांच्या घराचा नेमच होता की जंगम बसलेला असताना घरच्यानं आधी पाण्याला तोंड लावायचं नाही. तर हे जंगम पहिल्यांदा एकटा-दुकटा आणि मग ओळीनं येऊन, दुकानामागच्या खोलीत भिंतीला टेकून बसू लागले. दिसायचे फक्त अप्पांना. वेडाचा भास असता तर घरच्यांनी माझ्याकडे धाव घेतली असती. पण स्वामी दिसतात म्हटल्यावर ते दुखणं कसं म्हणायचं? अव्वांनी मला मागून सांगितलं, "देव घरला येऊन राहिला आन् डॉक्टरला सांगायचं का? दृष्ट लागंल म्हणून गप बसलो." त्या ओळीनं सतरंजी अंथरायच्या आणि पाण्याचे पेले भरून ठेवायच्या. टँकरच्या रांगेत भांडून आणलेलं पाणी. ते दिवसभर तसंच राहायचं, त्यावर धूळ बसायची. संध्याकाळी शेजारणी ते तीर्थ म्हणून वाटीवाटीनं घेऊन जायच्या.

आणि अप्पांनी एकदा बोलता बोलता सांगितलं की त्या स्वामींचे पाय ओले असतात.

तालुक्यात ओलं म्हणून काही उरलं नव्हतं. विहिरींचे तळ दिसत होते, बायकांच्या टाचा भेगाळल्या होत्या. अशा गावात कुणीतरी ओल्या पायांनी येतं, ही बातमी वाऱ्यासारखी गेली. लोक अप्पांना विचारायला लागले की ते येतात कुठल्या अंगानं. अप्पांनी आठवून सांगितलं, मागच्या परसाकडून. मग गल्लीनं वर्गणी काढून बोअरची गाडी आणली आणि परसात भोक पाडलं. दिवसभर मशीन चाललं. वर आली ती पांढरी भुकटी. ती सगळ्या गल्लीवर बसली, माणसांच्या भुवयांवरसुद्धा.

लोक अप्पांना काही बोलले नाहीत, पण यायचे बंद झाले. अप्पांनी त्याचा अर्थ स्वतःपुरता लावला. स्वामी पाणी न पिता बसलेत आणि आपण सकाळ-संध्याकाळ पाणी पितो, म्हणून त्यांनी पाणी दिलं नाही. अप्पांनी पाणी सोडलं. पेज, ताक, चहा सगळं सोडलं. गोळ्या मात्र कोरड्याच गिळत राहिले, कारण हात स्थिर राहायला हवा होता.

मुलानं, शिवराजनं, त्यांना जीपमध्ये आडवं घालून लातूरला आणलं. जीभ लाकडासारखी झालेली, डोळे खोल गेलेले. मला ओळखलं. मी पेला घेऊन त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी तोंड फिरवलं आणि खिडकीखालच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "आधी त्यांना."

तिथं कुणी नव्हतं. मी विचारलं, कुणाला?

"बसलेत की. तुला दिसून न्हाई राहिले?"

अव्वांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पिशवीतून स्टीलचे पेले काढले, घरून आणलेल्या घागरीतलं पाणी त्यांत ओतलं आणि ओळीनं भिंतीला लावून ठेवले. दोन पेल्यांत सारखं अंतर. एक माणूस मांडी घालून बसेल एवढं. त्यांच्या हातांना ते इतकं सवयीचं झालं होतं की मला पहिल्यांदा भीती वाटली. अप्पांच्या दुखण्याची नाही, त्या अंतराची.

मग बाहेरच्या बाकावर बसून अव्वांनी सगळं सांगितलं, जे मी वर लिहिलं आहे. मी सलाइन लावलं, लघवी तपासायला पाठवली, तिच्यात दोष निघाला त्याचं औषध सुरू केलं. आणि थरथरीची गोळी उतरवत न्यायचं ठरवलं. ती एकदम तोडायची नसते, पायरीपायरीनं उतरवावी लागते. शिवराजचा मेहुणा वेडावरच्या इंजेक्शनचा आग्रह धरत होता. ती त्या काळी मिळायची, पण कंपवाताच्या माणसाला दिली तर भास जातात आणि माणूसही ओंडका होऊन पडतो. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, तुम्ही घरचेच, म्हणून धजावून न्हाई राहिले. असेलही.

संध्याकाळी लाइट गेले. मी कंदील घेऊन अप्पांपाशी बसलो. सिस्टर दारातूनच तापाचा कागद देऊन गेली. त्या पेल्यांना ओलांडायला ती तयार नव्हती आणि वळसा घालायलाही. मी अप्पांना विचारलं की ते काही बोलतात का, काही मागतात का. ते म्हणाले, न्हाई. पाणी पितात का? न्हाई.

"मग करतात काय?"

"बघत राहतात."

"तुमच्याकडं?"

"माझ्याकडं न्हाई. माझ्या मागं."

त्यांच्या मागे कोरी भिंत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. डॉक्टरनं पाहायचं नसतं, नाहीतर रोग्याला वाटतं की आहे तिथं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी पलंग खिडकीसमोर घेतला आणि खोलीतला बल्ब काढून मोठा लावला. त्या उजेडात ओळीतले दोघे कमी झाले. एक खुंटीवरची घोंगडी होती, दुसरं अप्पांचं स्वतःचं वाळत घातलेलं धोतर. अप्पांना हसू आलं. म्हणाले, "दोन तर आमच्याच घरचे निघाले." माणूस असं हसू शकतो तोवर आशा असते, हे मी या कामात शिकलो आहे.

गोळी उतरत गेली तसे बाकीचेही उतरत गेले. ते उठून गेले नाहीत, जागच्या जागी विरले. अप्पा रोज सकाळी मला सांगायचे, जणू शिलकी माल सांगतायत. आधी चेहरे गेले. मग खांदे, मग मांडीवर ठेवलेले हात. पाय राहिले. भिंतीला लावून ओळीनं ओले पाय, वर काही नाही. हे ऐकून अव्वा बाहेर जाऊन बसल्या. अप्पा हे सांगत असताना मी सहज म्हणून फरशीवर तळवा टेकवला. कोरडी होती. टेकवला हे खरं आहे.

त्या दिवशी दुपारी अप्पांनी आपणहून पाणी मागितलं. अव्वा सवयीनं भिंतीपाशी वाकल्या तर म्हणाले, "राहू दे. तोंडच न्हाई त्यांना आता. आधी कुणाला पाजू?" आणि तांब्या वर करून घटाघटा प्यायले. मी या पेशात पुष्कळ युक्तिवाद ऐकले, इतका बिनतोड ऐकला नाही.

पायही गेले. अप्पा घरी गेले. गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिलीही नसती.

पुढच्या महिन्यात मी कंधारला गेलो तेव्हा अप्पांची अंघोळ होऊन पूजेची वेळ झाली होती. चालत होते, बोलत होते, नजर स्वच्छ. मला समोर बसवून घेतलं. डबी उघडून लिंग तळहातावर घेतलं आणि हात थरथरायला लागला. थरथरीची गोळी नव्हती ना. आधी बेलाचं पान हललं, मग अख्खा हात. अप्पांनी उजव्या हातानं डावं मनगट दाबलं, दातांवर दात रोवले. जितकं आवरावं तितकं वाढत गेलं. लिंग तळव्यावर घरंगळलं, करंगळीवर आलं आणि निसटलं. अव्वांनी पदर पसरलाच होता. त्यात पडलं. म्हणजे हेही रोजचं झालं असणार.

शिवराज उठून दुकानात गेला. अप्पांनी लिंग डोळ्यांना लावून डबीत ठेवलं आणि डबी बराच वेळ मुठीत धरून बसले. दवाखान्यात चारचौघांत ते मला डॉक्टर म्हणायचे. आता म्हणाले, "नामदेव, ती मंडळी परत आली तरी चालतील. बसू दे त्यांला. मला हात दे."

गोळी दिली असती तर हात मिळाला असता आणि पाहुणे आले असते, आणि पाहुण्यांच्या आधी अप्पांनी पाणी घेतलं नसतं. नाही दिली तर रोज सकाळी अव्वांचा पदर. आणि मी दिली नाही तरी काय, बाजारातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये ती बिनचिठ्ठीची मिळत होती. शिवराज बापाला नाही म्हणणारा नव्हता. मी अप्पांच्या डाव्या हाताखाली माझा तळवा धरून पाहिला आणि लिहून कळवतो असं म्हणून उठलो.

आता त्या भासांवर अशा गोळ्या आल्या आहेत की भास जातो आणि माणूस आखडत नाही. त्या लिहून देताना मला दर वेळी थोडा राग येतो, कुणावर ते सांगता येत नाही. अप्पा त्या गोळ्या येण्याआधी गेले. पण त्यापूर्वी बरीच वर्षं ते दुकानात येऊन बसायचे, गिऱ्हाइकाशी भावावरून वाद घालायचे, आणि दिवसातून किती तांबे पाणी प्यायलो ते मला निरोपानं कळवायचे. मी लिहिलेलं पत्र असं होतं. पाठवण्याआधी दोनदा कच्चं लिहिलं होतं, त्यातलं एक माझ्याजवळ राहिलं.

तीर्थरूप अप्पांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही मागितलेली गोळी मी देणार नाही, आणि शिवराजनं ती बाजारातून आणू नये असं त्यालाही वेगळं लिहितो आहे. तुम्ही म्हणालात की मंडळी आली तरी चालतील. तुम्हाला चालतील, अप्पा. पण ती आली की तुम्ही पाणी सोडता, आणि पाणी सोडलेला माणूस दुसऱ्यांदा माझ्याकडून परत येईल याची मला खात्री नाही. तुम्हाला नाही म्हणण्याची माझी ही पहिली वेळ. हात जोडून म्हणतो.

हाताचं असं करा. चालवणारी गोळी पूजेच्या तासभर आधी घ्या आणि तांब्याभर पाण्याबरोबर घ्या. पूजेआधी पाणी घेत नाही हा तुमचा नेम मला ठाऊक आहे. त्याबद्दल मठातल्या स्वामींना मी स्वतः जाऊन विचारलं. आजाऱ्याच्या औषधाचं पाणी नेमात धरत नाहीत असं ते म्हणाले. पूजेला बसताना कोपर मांडीवर टेकवा. हात दाबून धरू नका, दाबला की तो चिडतो. आणि अव्वांनी समोर बसून आपला तळवा तुमच्या तळव्याखाली धरावा. परवा मी माझा धरून पाहिला तेव्हा थरथर पुष्कळ खाली बसली होती. अव्वांच्याही गळ्यात लिंग आहे. दोघांची पूजा एका वेळी झाली तर त्यात कमीपणा नाही, हेही मी विचारून घेतलं आहे. तरीसुद्धा कधी हललं तर हलू द्या. खाली अव्वांचा हात असेल.

निघताना तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत की एक जण अजून उंबऱ्याशी बसतो आणि हे अव्वांना सांगू नको. नाही सांगत. त्याला घालवायचा तर चालवणारी गोळी कमी करावी लागेल, मग तुमचे पाय थांबतील. म्हणून त्याला बसू द्यावं असं माझं मत आहे. त्याच्यापुढे पेला ठेवू नका. त्याच्याशी बोलू नका. तुम्ही आधी प्या. तो एकटा आहे तोवर काळजी नाही, दुसरा आला की त्याच दिवशी मला कळवा.

परवा तुमच्याकडून निघताना मी दारातून जरा अंग चोरून बाहेर पडलो. शिवराज हसला. तुम्ही हसला नाहीत.

तुमचा
नामदेव